दुसऱ्याच्या घराचे भाडे घेताना: मुंबईतील मालमत्ता कराची जबाबदारी मुखत्यारावर कधी येते

मुलगा किंवा भाऊ परदेशी स्थायिक होतो, पार्ल्यातला किंवा बोरिवलीतला फ्लॅट भाड्याने दिला जातो, आणि मागे राहिलेल्या काका, मेहुणा किंवा मावसभावाच्या नावे कुलमुखत्यारपत्र होते. गिरगावातल्या किंवा लालबागच्या जुन्या चाळीत हेच काम पगारी भाडेवसुली करणारा माणूस करतो, तर अलीकडे काही इस्टेट एजंट दरमहा ठरावीक मोबदला घेऊन घराची सगळी देखभाल अंगावर घेतात. भाडे वेळेवर येत असते, ते मालकाच्या खात्यात जात असते आणि सारे सुरळीत चालते. मग एखाद्या दिवशी महापालिकेच्या विभाग कार्यालयातून थकबाकीची नोटीस येते, दारावर येणारा माणूस भाडे घेणाऱ्याचेच नाव विचारतो, आणि तेव्हा पहिल्यांदा प्रश्न पडतो की मालकाने न भरलेला कर आपल्याकडून वसूल होऊ शकतो का.

हा लेख अशा कामात नव्याने पडलेल्यांसाठी आहे आणि तो बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीपुरता, म्हणजे मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ यापुरता आहे. ठाणे, नवी मुंबई, मीरा-भाईंदर या शहरांना १९४९ चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू आहे. दोन्ही कायद्यांचा साचा बराचसा सारखा असला तरी कलमांचे क्रमांक आणि काही मुदती वेगळ्या असल्याने मुंबईचा सल्ला मुलुंडचा टोलनाका ओलांडून तसाच वापरू नये. परदेशस्थ मालकाच्या भाड्यावरील आयकर हा आणखी वेगळा विषय आहे, त्याचे नियम कडक आहेत आणि त्यासाठी सनदी लेखापालाकडेच जावे.

थकबाकी पाहून बहुतेक लोक पहिली चौकशी आपल्या सहीची करतात: मी कुठे सही केली, मी हमी दिली का, माझे नाव कुठे लागले. सही महत्त्वाची आहेच. परंतु मुंबईच्या कायद्यात मुखत्याराला अडचणीत आणणारी मुख्य गोष्ट सही नसून त्याच्या हातातून जाणारे भाडे ही आहे.

पायरी पहिली: आपण नेमके कोण आहोत हे ठरवा

घर दाखवून, दोन्ही पक्षांची गाठ घालून देऊन दलाली घेणारा आणि तिथेच बाजूला होणारा दलाल कराच्या दृष्टीने या चित्रात येतच नाही. त्याच्याकडे भाडे येत नाही, जागेचा ताबा नाही, आणि मालकाच्या वतीने काही करण्याचा चालू अधिकारही नाही. अशा माणसाकडे कोणी कर मागितला, तर ‘माझा या मालमत्तेशी चालू संबंध नाही’ एवढे लेखी कळवणे पुरते.

भाडे स्वीकारणाऱ्याची स्थिती वेगळी आहे. १८८८ च्या अधिनियमातील कलम ३ च्या खंड (एम) मध्ये ‘मालक’ या संज्ञेची जी व्याख्या आहे, ती मालकी हक्काच्या कागदांपासून सुरू होत नाही. जागेचे भाडे ज्याला मिळते, किंवा जागा भाड्याने दिली असता ज्याला ते मिळण्याचा हक्क असेल, ती व्यक्ती मालक, अशी तिची सुरुवात आहे. या व्याख्येत मालकाच्या वतीने भाडे घेणारा प्रतिनिधी किंवा विश्वस्त, धार्मिक वा धर्मादाय जागेचे भाडे घेणारा किंवा तिची व्यवस्था पाहणारा प्रतिनिधी, न्यायालयाने नेमलेला रिसीव्हर किंवा व्यवस्थापक आणि ताबा असलेला गहाणदार हे सर्व स्पष्टपणे समाविष्ट केलेले आहेत. कायदा इतका मागे जाऊन असे का म्हणतो, हे त्या काळातली मुंबई डोळ्यांसमोर आणली की उमगते. मालक कच्छ, सुरत किंवा लंडनमध्ये असे, चाळ मात्र भुलेश्वर-काळबादेवीत असे, आणि नोटीस बजावण्यासाठी महापालिकेला हाताशी असलेला माणूस म्हणजे भाडे गोळा करणारा मुनीमच असे. मालकाचे ठिकाण आता दुबई किंवा न्यू जर्सी झाले असले तरी परिस्थिती फारशी पालटलेली नाही.

परंतु या व्याख्येत बसणारा प्रत्येक जण प्रत्येक रुपयाला वैयक्तिकरीत्या जबाबदार होतो, असे मात्र नाही. व्याख्येमुळे महापालिकेला त्याला नोटीस देण्याचे, माहिती मागण्याचे आणि मालकाने करावयाची गोष्ट करायला सांगण्याचे दार उघडते. कर मुख्यतः कोणाकडून घ्यायचा, हे पुढच्या पायरीत येणाऱ्या कलमाने ठरते.

पायरी दुसरी: देयक कोणाच्या नावे आहे ते पाहा

कलम १४६ मध्ये मालमत्ता कराची प्राथमिक जबाबदारी कोणावर, याचा क्रम दिला आहे. जागा थेट सरकारकडून किंवा महापालिकेकडून धारण केलेली असेल, तर प्रत्यक्ष भोगवटादारावर. एरवी जागा भाड्याने दिलेली असेल तर भाड्याने देणाऱ्यावर, पोटभाड्याने दिलेली असेल तर वरच्या भाडेपट्टादारावर, आणि दिलेलीच नसेल तर ती भाड्याने देण्याचा हक्क ज्याच्याकडे आहे त्याच्यावर. मोकळी जमीन एका वर्षाहून अधिक मुदतीच्या पट्ट्याने दिली असेल आणि पट्टेदाराने तिच्यावर इमारत बांधली असेल, तर जमीन व इमारत या दोहोंचा कर पट्टेदारावर येतो. मुंबईत आज बहुतेक घरे भाडेपट्ट्याऐवजी लिव्ह अँड लायसन्स कराराने दिली जातात. तिथेही देण्याचा हक्क मालकाचाच असल्याने उत्तर बदलत नाही.

आता मुखत्याराचे पाऊल नेमके कुठे घसरते ते पाहा. लिव्ह अँड लायसन्स करार महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी जागा देणाऱ्याची असते. या करारात ‘लायसन्सर’ म्हणून मालकाचे नाव न येता घाईत मुखत्याराचेच नाव आणि पॅन क्रमांक पडला, भाडे त्याच्याच बचत खात्यात येऊ लागले, आणि मालकाचा उल्लेख कुठेच राहिला नाही, तर कागदोपत्री जागा देणारा तोच होतो. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २३० प्रमाणे मालकाच्या वतीने केलेल्या कराराने प्रतिनिधी सर्वसाधारणपणे स्वतः बांधला जात नाही. पण ज्याच्या वतीने तो काम करतो त्याचे नाव त्याने उघड केले नसेल, तर तो स्वतःच बांधला गेला असे कायदा गृहीत धरतो. भाडेकरूशी वाद झाल्यावर हे गृहीतक फार महाग पडते.

म्हणून करारात पक्षकार म्हणून मालकाचे नाव पूर्ण लिहावे, त्याखाली ‘तर्फे कुलमुखत्यार’ असे लिहून आपले नाव द्यावे आणि कुलमुखत्यारपत्राची तारीख व नोंदणी किंवा नोटरीचा तपशील नमूद करावा. मुखत्यारपत्र परदेशात झाले असेल तर ते तिथल्या नोटरीसमोर किंवा भारतीय दूतावासात केलेले असावे आणि महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरलेले असावे. ही मुदत अनेक जण हातची घालवतात आणि मग नोंदणी कार्यालयात अडतात.

देयकावरील नावही याच नजरेने तपासावे. जुन्या इमारतींची देयके कित्येकदा दिवंगत आजोबांच्या किंवा कधीच निघून गेलेल्या बिल्डरच्या नावाने येत राहतात. मालमत्ता हस्तांतरित झाल्यास १८८८ च्या अधिनियमाच्या कलम १४९ प्रमाणे दस्त झाल्यापासून तीन महिन्यांत, आणि मालकाचा मृत्यू झाल्यास एक वर्षाच्या आत, महापालिकेला सूचना द्यावी लागते. अशी सूचना दिली नाही, तर कलम १५१ मुळे आधीच्या माणसाची जबाबदारी चालूच राहते. मुखत्याराने हे नाव मालकाच्या किंवा वारसांच्या नावे बदलून घेण्यासाठी पाठपुरावा करावा, पण सोय म्हणून ते स्वतःच्या नावे कधीही करून घेऊ नये. पत्रव्यवहाराचा पत्ता, भ्रमणध्वनी आणि ई-मेल आपला देता येतो, आणि तेवढ्याने देयक वेळेवर हाती पडते. विभाग कार्यालयातल्या खिडकीवर कोणी ‘तुमचेच नाव टाका, सोपे पडेल’ असे सुचवले, तर ते सौजन्य नम्रपणे नाकारावे.

पायरी तिसरी: किती, केव्हा आणि खरोखरच देणे आहे का

मुंबईत १ एप्रिल २०१० पासून मालमत्ता कर भांडवली मूल्यावर, म्हणजे जागेच्या बाजारमूल्यावर आधारलेल्या किमतीवर, आकारला जातो. तो सहामाही आगाऊ देय असतो; १ एप्रिल आणि १ ऑक्टोबर या दोन तारखा लक्षात ठेवाव्यात आणि देयकावर छापलेली अंतिम तारीख वेगळी नोंदवावी. एका देयकात सर्वसाधारण कर, पाणीपट्टी व जललाभ कर, मलनिःसारण कर व मलनिःसारण लाभ कर, महापालिका शिक्षण उपकर, राज्य शिक्षण उपकर, वृक्ष उपकर, पथकर अशी अनेक शीर्षे असतात, आणि शहर भागातील उपकरप्राप्त जुन्या इमारतींना म्हाडाचा दुरुस्ती उपकरही महापालिकेमार्फतच भरावा लागतो. मुदत उलटल्यावर थकीत रकमेवर दरमहा २ टक्के दंड चढतो. वर्षाला २४ टक्के देणारी ठेव कुठल्याही बँकेत नाही, एवढे मालकाला सांगितले की तो सहसा चालढकल करत नाही.

घर लहान असेल तर आधी सवलत तपासा. ५०० चौरस फूट, म्हणजे ४६.४५ चौरस मीटर, चटई क्षेत्रापर्यंतच्या निवासी सदनिकांना १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर पूर्ण माफ आहे. माफी निवासी वापरालाच आहे. मालकाच्या संमतीने तिथे क्लिनिक किंवा कार्यालय चालत असेल तर तो वापर देयकात येऊ शकतो, आणि अशा वापराची माहिती दडवण्यात मुखत्याराने सहभागी होऊ नये.

गृहनिर्माण संस्थेत चित्र आणखी निराळे असते. अनेक संस्थांत महापालिकेचे देयक संस्थेच्याच नावाने एकत्र येते आणि सदस्याचा वाटा मासिक देखभाल बिलात ‘म्युनिसिपल टॅक्स’ या ओळीत दिसतो. तिथे मुखत्याराकडे पैसे मागणारी महापालिका नसते, संस्था असते. तिचे येणे सदस्याकडून, म्हणजे मालकाकडून असते, आणि उपविधींनुसार ती थकबाकीवर वार्षिक २१ टक्क्यांपर्यंत व्याज लावू शकते. संस्थेच्या सचिवाने मुखत्याराला कार्यालयात बोलावून ‘तुम्हीच भरा’ म्हटले, तरी त्यामुळे देणे मुखत्याराचे होत नाही. मात्र भाडे हातात असताना तो ते भरत नसेल, तर मालकाला द्यावे लागणारे उत्तर शिल्लक राहतेच.

२०१० नंतरच्या मोठ्या थकबाकीत वादाचा भाग असू शकतो. भांडवली मूल्याच्या नियमांतील काही तरतुदी मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रद्द केल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये तो निर्णय कायम ठेवला. त्याआधीच्या वर्षांत अनेक मालकांनी अंतरिम आदेशांनुसार देयकाचा काही भागच भरलेला होता, त्यामुळे जुन्या खात्यांवरचा आकडा आणि खरे देणे यांत फरक असू शकतो. असे खाते समोर आले की मुखत्याराने कोणताही आकडा मान्य करणारे पत्र मालकाला विचारल्याशिवाय देऊ नये. आणि मुदत जवळ आली असेल तर रक्कम ‘हक्क राखून, निषेधपूर्वक’ भरल्याचे पत्र जोडून भरावी. आकारणीविरुद्ध तक्रार करायची असेल तर सूचनेत दिलेल्या मुदतीतच करावी लागते, आणि त्यावरील अपील कलम २१७ प्रमाणे लघुवाद न्यायालयात चालते. कर भरल्याशिवाय ते अपील पुढे सरकत नाही, म्हणून ‘आधी निकाल, मग पैसे’ ही भूमिका इथे चालत नाही.

पायरी चौथी: भाडे पुढे पाठवण्याआधी कर बाजूला काढा

जिथे सगळे बिघडते आणि जिथे सगळे वाचवताही येते, ती जागा हीच आहे.

अधिनियमात प्रतिनिधी आणि विश्वस्तांना दिलासा देणारी एक सर्वसाधारण तरतूद आहे. तिचा आशय असा की मालकाने करावयाची म्हणून कायद्याने सांगितलेली गोष्ट करण्यास भाडे घेणारा प्रतिनिधी तेव्हाच जबाबदार ठरतो, जेव्हा त्यासाठी पुरेसा असा मालकाचा पैसा त्याच्याकडे असतो किंवा त्याच्याकडे येणे असतो. हा दिलासा मागणाऱ्यानेच तो सिद्ध करायचा आहे. ‘माझ्याकडे पैसे नव्हते’ हे महापालिकेने खोडून काढायचे नसून प्रतिनिधीने हिशेबाने दाखवायचे आहे. आणि तो सिद्ध झाल्यावरही आयुक्त त्याला लेखी सूचना देऊ शकतात की मालकाच्या वतीने यापुढे तुमच्या हाती जो पहिला पैसा येईल तो या कामी लावा. ही सूचना डावलून पुढचे भाडे मालकाला पाठवले, की प्रतिनिधी वैयक्तिकरीत्या जबाबदार धरला जातो.

यातून निघणारी व्यवहारातली शिस्त सोपी आहे. मालकाच्या भाड्यासाठी वेगळे बँक खाते ठेवा. शक्यतो ते मालकाच्याच नावाचे असावे आणि मुखत्यारपत्राने ते चालवण्याचा अधिकार आपल्याला असावा. अनिवासी मालकाचे एनआरओ खाते याच कामी येते. भाडे स्वतःच्या पगाराच्या खात्यात घेणे हा प्रकार घरोघरी चालतो, पण थकबाकीच्या दिवशी त्या खात्यातला कोणता रुपया कोणाचा, हे सिद्ध करताना माणूस रडकुंडीला येतो. दर सहामाहीचा अंदाजित कर सहाने भागून तेवढी रक्कम दरमहा बाजूला ठेवा आणि उरलेलीच पुढे पाठवा.

उदाहरणाने पाहू. समजा, विलेपार्ले पूर्वेतील एका सदनिकेचे भाडे दरमहा ५०,००० रुपये आहे आणि सहामाही कर २१,००० रुपये. मुखत्याराने एप्रिलपासून दरमहा ३,५०० रुपये राखून ४६,५०० रुपये पाठवले, तर देयकाची अंतिम तारीख येते तेव्हा बरीचशी रक्कम जमलेली असते आणि पहिल्या एखाद-दोन महिन्यांची तूट मालकाला आधीच सांगून भरून काढता येते. त्याने पूर्ण भाडे पाठवत राहून देयक कपाटात ठेवले, आणि मुदतीनंतर दहा महिने गेले, तर साध्या हिशेबाने महिन्याला ४२० याप्रमाणे ४,२०० रुपये दंड होतो. आता हे ४,२०० रुपये कोणाचे?

इथे महापालिकेचा कायदा बाजूला राहतो आणि करार अधिनियम पुढे येतो. मालकाने कर भरायला सांगितलेले असेल आणि पैसा हाती असूनही मुखत्याराने तो भरला नसेल, तर कलम २१२ प्रमाणे हलगर्जीपणाचे थेट नुकसान त्याने भरून द्यावे लागते. उलट त्याने देयक मिळताच मालकाला कळवले असेल आणि मालकाने ‘थांब, पुढच्या महिन्यात बघू’ असे लिहिले असेल, तर दंड मालकाचा. दोन्हींतला फरक एका व्हॉट्सअॅप संदेशाएवढा असू शकतो, म्हणून तोंडी बोलणे झाल्यावरही दोन ओळी लिहून पाठवाव्यात. माझ्या मते महापालिकेकडून वसुली होण्याचे भय मुखत्यार गरजेपेक्षा जास्त बाळगतात आणि मालकाला द्यावयाच्या भरपाईचे भय फारच कमी. प्रत्यक्षात नाती तुटतात ती दुसऱ्या कारणाने.

मुखत्याराचे हक्कही लक्षात ठेवावेत. मालकासाठी स्वतःच्या खिशातून भरलेली रक्कम आणि योग्य खर्च तो करार अधिनियमाच्या कलम २१७ प्रमाणे हाती आलेल्या भाड्यातून वळता करून घेऊ शकतो, आणि कायदेशीर कामाचे परिणाम भोगावे लागले तर कलम २२२ प्रमाणे मालकाकडून भरपाई मागू शकतो. मात्र हिशेब मागताच तो देणे कलम २१३ प्रमाणे बंधनकारक आहे. पावती नसलेली वजावट नात्यातसुद्धा टिकत नाही.

पायरी पाचवी: नोटीस आलीच तर

नोटीस मिळाल्याची तारीख पाकिटावर आणि प्रतीवर लिहा. ती देयक आहे, मागणीची नोटीस आहे की जप्तीपूर्वीचा इशारा आहे, हे वाचून ठरवा, कारण मुदती त्यावर अवलंबून असतात. मालमत्ता लेखा क्रमांक आणि काळ तपासा. शेजारच्या विंगचे देयक आपल्या माथी येणे अगदीच दुर्मिळ नाही. महापालिकेच्या संकेतस्थळावर हा क्रमांक टाकून चालू थकबाकी पाहता येते आणि विभाग कार्यालयातील नागरी सुविधा केंद्रात किंवा करनिर्धारण व संकलन खात्यात खुलासा मागता येतो. मग लेखी उत्तर द्या. मजकूर साधारण असा असावा:

‘सदर मालमत्तेचे मालक श्री. अमुक हे असून मी त्यांचा दिनांक अमुकच्या कुलमुखत्यारपत्रान्वये नेमलेला मुखत्यार आहे. सदर मालमत्तेत माझा वैयक्तिक हक्क अथवा हितसंबंध नाही. नोटिशीची प्रत मालकांस दिनांक अमुक रोजी पाठविली आहे. आज रोजी मालकांच्या वतीने माझ्याकडे जमा असलेली रक्कम अमुक रुपये असून तिचा हिशेब सोबत जोडला आहे. हे पत्र देणे म्हणजे थकबाकीची वैयक्तिक कबुली समजण्यात येऊ नये.’

जमा रकमेचे वाक्य गाळण्याचा मोह होतो. तो टाळावा, वर सांगितलेला दिलासा त्याच वाक्यावर उभा असतो, आणि खोटा आकडा दिला तर तो दिलासाही जातो व विश्वासही. पत्राची पोच घ्यावी, नुसते आवक पेटीत टाकून येऊ नये. ‘हप्त्याहप्त्याने मी भरून टाकतो’ असे वाक्य उत्तरात लिहू नये. लिहायचेच असेल तर ‘मालकांच्या वतीने, त्यांच्या येणाऱ्या भाड्यातून’ असे लिहावे.

याच वेळी भाडेकरूकडेही लक्ष द्यावे लागते. प्राथमिक जबाबदार व्यक्तीने कर भरला नाही, तर महापालिका भोगवटादाराला देयक देऊ शकते. पण एक वर्षाहून जुनी थकबाकी आणि त्याच्या भोगवट्याआधीच्या काळातला कर त्याच्याकडून घेता येत नाही, आणि त्याने जे भरले ते मालकाच्या हिशेबात वळते करून घेण्याचा त्याला हक्क आहे. भाडेकरूने अशी पावती दाखवून त्या महिन्याचे भाडे कमी दिले, तर मुखत्याराने त्याच्याशी भांडू नये, पावती ठेवून घ्यावी आणि हिशेबात तशी नोंद करावी.

१८८८ च्या महापालिका अधिनियमाच्या कलम २१२ प्रमाणे मालमत्ता कर हा, जमीन महसुलानंतर, त्या जागेवरचा पहिला बोजा असतो. म्हणजे बँकेच्या गहाणाच्याही आधी. त्यामुळे महापालिकेला मुखत्याराच्या मागे लागण्यापेक्षा जागेवर जप्ती आणणे बहुधा सोयीचे पडते. हे मालकाला स्पष्ट शब्दांत कळवावे, कारण कित्येक परदेशस्थ मालकांना वाटते की भारतात आपण नाही, तर वसुली कोणाकडून होणार. जप्ती आणि लिलाव यांसाठी मालक मुंबईत असावा लागत नाही.

विश्वस्त, रिसीव्हर आणि मालकाच्या मृत्यूनंतरचे मुखत्यार

धर्मादाय न्यासाच्या चाळींचे विश्वस्त आणि न्यायालयाने नेमलेले रिसीव्हर व्याख्येत नावानिशी येतात. न्यासाच्या सर्वसाधारण करात सवलत मिळण्यासाठी जागेचा वापर केवळ सार्वजनिक पूजा किंवा धर्मादाय कामासाठी असावा लागतो. भाड्याने दिलेली चाळ त्यात बसेल असे गृहीत धरून देयके बाजूला ठेवणाऱ्या विश्वस्त मंडळांनी हे पुन्हा वाचावे. रिसीव्हरने कर भरण्यासाठी न्यायालयाची परवानगी लागेल तिथे देयक येताच अर्ज करावा, कारण दंड न्यायालयाच्या तारखेची वाट पाहत नाही.

मालक वारला की मुखत्यारपत्र संपते. त्यानंतर मुखत्यार म्हणून नवा करार करणे, सह्या करणे किंवा भाडे वाढवणे चुकीचे ठरते. परंतु करार अधिनियमाचे कलम २०९ सांगते की अशा वेळी हाती असलेल्या हितांचे रक्षण करण्यासाठी वाजवी पावले प्रतिनिधीने उचलली पाहिजेत. आधीच बाजूला काढलेल्या पैशातून चालू सहामाहीचा कर भरणे हे असेच पाऊल आहे. त्यापुढचे भाडे वारसांच्या लेखी सूचनेपर्यंत स्वतंत्र ठेवावे, आणि वारसांना महापालिकेला मृत्यूची सूचना देण्याच्या एक वर्षाच्या मुदतीची आठवण करून द्यावी. वारसांमध्ये वाद असेल तर कोणा एकाला पैसे देण्यापेक्षा सर्वांना एकच पत्र पाठवलेले बरे.

काम सोडताना

मुखत्यार म्हणून काम थांबवायचे असेल तर फोनवर ‘आता तुम्ही बघा’ म्हणून बाजूला होऊ नये. मालकाला लेखी राजीनामा द्यावा, भाडेकरूला पुढचे भाडे कोणाकडे द्यायचे ते कळवावे, आणि विभाग कार्यालयाच्या करनिर्धारण व संकलन खात्याला पत्र देऊन अमुक तारखेपासून आपण या मालमत्तेचे भाडे घेत नसल्याचे नमूद करावे व पत्रव्यवहाराचा पत्ता बदलण्याची विनंती करावी. या पत्राची पोच, शेवटच्या सहामाहीची पावती, बँक खात्याचा उतारा आणि मालकाने सही केलेला अंतिम हिशेब हे चार कागद स्वतःजवळ ठेवावेत. शेवटच्या महिन्याचे भाडे आपल्याच हाती आले असेल, तर त्यातून त्या महिन्यापर्यंतचा कर वळता करून बाकीचेच मालकाला द्यावे, आणि त्या वजावटीची ओळ अंतिम हिशेबात वेगळी दाखवावी.